धुमाल पार्टीला खेळात घेण्याबाबत

आई, परवा माळा आवरताना ते प्लास्टिकचे ढोल सापडले. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. शिडी धरून खाली उभी होती. मी खोका खाली दिला, तिनं उघडला आणि लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या कडेच्या त्या चार रबरी थाळ्या पाहून विचारलं, "पापा, ये किसका है?" मी म्हणालो, तुझ्या आजीचं. ती हसायला लागली. तिनं तुला फक्त त्या एका फोटोत पाहिलंय, ऑफिसातल्या निरोप समारंभात हातात नारळ घेऊन तू उभी आहेस तो. "आजी ड्रम बजाती थी?" हो, म्हटलं. "सच में?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं, तू असतीस तर दोनदा टोकलं असतंस आणि तिसऱ्यांदा स्वतःच हिंदीत बोलायला लागली असतीस. मग तिनं विचारलं, गाणी कोणती होती? आणि मला सांगता येईना. व्हिडिओ गेमच्या पडद्यावर त्यांची इंग्रजी नावं लिहिलेली असायची, पण आपल्या घरात ती 'घाईवाली', 'लंगडी' आणि 'मन लावून वाजवणाऱ्यांची' अशीच होती. तिला एवढंच म्हणालो की मोठी झालीस की सांगतो. मग वाटलं, तिला सांगायच्या आधी एकदा सगळं नीट आठवून पाहावं. म्हणून हे तुला लिहितोय.

तुझे कान एका दिवसात गेले नाहीत. सरकारी ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर तू पंचवीस वर्षं बसलीस, काळा हेडफोन डोक्याला लावून. समोरच्या बोर्डावर दिवा लागला की त्याखाली पिन खुपसायची, 'हलो' म्हणायचं, दुसरी पिन दुसरीकडे खुपसायची. मी लहानपणी शाळा सुटल्यावर कधी कधी तिथे येऊन बसायचो, तेव्हा तुझे हात बोर्डावर असे फिरायचे की मला वाटायचं दिवे तुझ्या हातांच्या मागे मागे लागतात. पुढे बोर्ड निघाला, प्रत्येकाच्या टेबलावर फोन आला आणि तुला आवक-जावक शाखेत बसवलं. तेव्हापासून आवाज कमी कमी होत गेला. आधी बारीक आवाज गेले: कुकरची शिटी, दारावरची घंटी, चिमण्या. मग बायकांचं बोलणं गेलं, मग माझं. खालच्या पट्टीतलं थोडंफार राहिलं होतं, ट्रकचा घोगरा आवाज, बाबांचा खोकला. डॉक्टर म्हणाले हेडफोनमुळे असेल, तापामुळे असेल, वयामुळेही असेल. कानातलं मशीन आणलं ते तू तीन दिवस लावलंस आणि डबीत ठेवून दिलंस. "डोक्यात कोनी भांडे घासून राहिलं असं वाटते," म्हणालीस. पोळ्या लाटताना तू रेडिओबरोबर गुणगुणायचीस, ते केव्हातरी थांबलं. ते थांबलंय हे माझ्या लक्षात यायला कितीतरी महिने लागले. तेव्हा मी रायपूरजवळ सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो, प्रयोगशाळेत, आणि घरी येऊन झोपण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

त्या वर्षी मामा अमेरिकेहून कायमचा नागपूरला परतला. त्याच्या मुलांना कंटाळा आलेला एक व्हिडिओ गेम त्यानं माझ्यासाठी पाठवून दिला. त्यात एक प्लास्टिकची गिटार, हे चार ढोल, पायाखालचं एक पॅडल. पडद्यावर एक रस्ता दिसायचा आणि त्यावरून रंगीत चौकोन घसरत खाली यायचे. चौकोन रेषेवर आला की त्या रंगाचा ढोल वाजवायचा. चुकलं की गाण्यातला तेवढा ढोल गायब व्हायचा, आणि फार चुकलं की पडद्यावरचे लोक ओरडून तुम्हाला खाली उतरवायचे. मी रविवारी सकाळी ते जोडून बसलो. तू स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होतीस. मी तीन वेळा उतरवला गेलो. तुला गाणं ऐकू येत नव्हतं, फक्त पडदा दिसत होता.

"तू लाल सोडून राहिला," तू म्हणालीस.

मी तुझ्याकडे तोंड करून म्हणालो, "काय?"

"लाल. दर वेळी लाल सोडून राहिला. हे तर बोर्ड आहे ना. दिवा लागला का पिन खुपसायची." मेथीचे हात पदराला पुसत तू उठलीस. "सरक. दे मले."

पहिल्या गाण्यात तू पाच-सहा वेळा चुकलीस. दुसऱ्यात दोनदा. तिसऱ्यात एकदाही नाही. मी मागे उभा राहून तुझे हात पाहत होतो, ते अगदी बोर्डावर फिरायचे तसेच फिरत होते. पडद्यावरची गर्दी हात वर करून नाचत होती. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "हे लोकं काहून उड्या मारून राहिले?" मी सांगितलं, तुझ्यासाठी. तू पुन्हा मेथीकडे गेलीस, पण कान लाल झाले होते.

मग आपली रविवारची रीतच ठरली. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत जागा म्हणून नव्हतीच, त्यामुळे तुझे ढोल स्वयंपाकघराच्या दारात, टीव्ही समोरच्या खोलीत, आणि मी मध्ये गिटार गळ्यात अडकवून. स्पीकर मी गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवला होता आणि तू कोठीला पाठ टेकवून बसायचीस. ढोलाचा ठोका कोठीतून पाठीत यायचा, तेवढं तुला गाणं मिळायचं. बाकी सगळं डोळ्यांनी. तुझ्यामागे, कोठीच्या बाजूलाच, खाली ठेवलेल्या गॅसवर वरणाचा कुकर. तुला शिटी ऐकू यायची नाही आणि माझे दोन्ही हात गिटारवर, म्हणून तू सांगून ठेवलं होतंस, "तीन झाल्या का मान हलव." मी गाण्याच्या ऐन भरात मान हलवायचो, तू डाव्या हातानं वाजवत उजवा हात मागे नेऊन गॅस बंद करायचीस आणि एकही चौकोन सुटायचा नाही. बाबा रेल्वेत गार्ड होते, ड्यूटीवरून आले की दारातच थांबून विचारायचे, "झालं का तुमचं? जेवाले भेटते का आज?" तू त्यांच्याकडे न बघता म्हणायचीस, "एक कडवं राहिलं." कुठलं कडवं, कशाचं कडवं, तुला शब्द तर एकही माहीत नव्हता.

तू बँडसुद्धा ओळखायला लागलीस, हे मी कोणाला सांगितलं तर पटत नाही. आवाज न ऐकता. "हे नुसते घाई करून राहिले," एका बँडबद्दल म्हणायचीस. "याचा एक पाय लंगडा आहे," दुसऱ्याबद्दल, कारण त्यात पॅडल नेहमी अर्ध्या मात्रेनं उशिरा यायचं. आणि एक होता, त्याची दोनच गाणी होती. त्यात ढोल साधाच, पण मध्येच एखादा चौकोन असा यायचा की आपण म्हणावं, अरे, इथेच तर पाहिजे होता. "हे मन लावून वाजवतात," तू म्हणालीस. मी पुढे ते गाणं पुष्कळदा ऐकलं. तू म्हणालीस ते खरं होतं.

हिवाळा संपता संपता डिस्कवरची सगळी गाणी वाजवून झाली. मग मी तुला सांगितलं की नवीन गाणी इंटरनेटवरून उतरवता येतात, कंपनी दर आठवड्याला काही नवीन टाकते. मामाच्या कार्डावर तीन-चार घेतली. एक गाणं उतरायला अख्खी दुपार जायची आणि तू मधूनमधून येऊन पडद्यावरच्या पट्टीकडे बघून जायचीस, दूध तापत ठेवल्यासारखी. दर रविवारी पहिला प्रश्न तोच: "आलं का मन लावून वाजवणाऱ्यांचं?" मी यादी उघडायचो. शेकडो बँड होते, नावं सरता सरत नव्हती, आणि त्यांचं तिसरं गाणं काही येत नव्हतं. तू माझ्या खांद्यावरून ती यादी पाहत बसायचीस. एकदा विचारलंस, "याच्यात आपल्याकडचा एकही नाही?"

मी म्हणालो, आपल्याकडचे बँड त्यांना कुठून माहीत असणार.

त्याच वर्षीच्या गणपतीत ती दुपार आली. ब्राह्मणपाऱ्यातल्या मंडळाची मूर्ती वाजतगाजत येत होती आणि पुढे धुमाल पार्टी होती. आपल्या रायपुरात ते कोणाला सांगावं लागत नाही. गाडीवर बांधलेले ढोल, ताशे, पॅड, एक कीबोर्ड, वर भिंतीएवढे स्पीकर, आणि मागून नाचणारा अख्खा मोहल्ला. मी खिडक्या लावून घेतल्या. मला तो आवाज नकोसा व्हायचा. तू मात्र गॅलरीत गेलीस. गाडी आपल्या घराखाली थांबली आणि त्यांनी एक ठेका सुरू केला, गाणं नाही, नुसता ठेका. मी बाहेर आलो तर तू छातीवर हात ठेवून उभी होतीस. मला वाटलं दुखतंय. मी तुझा दंड धरला.

"हे मले ऐकू येते," तू म्हणालीस. एवढ्या हळू की त्या गोंगाटात मी ते ओठांवरूनच वाचलं. "पूर्ण ऐकू येते."

गाडी पुढे गेली तरी तू तिथेच होतीस. मग आत येऊन, पाणी पिऊन, ठरवून टाकल्यासारखी बोललीस, "हे पाहिजे त्या मशीनमध्ये. लिही त्याईले."

मी हसलो. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तू फुलस्केप कागदावर अर्ज लिहूनच आणलास, निळ्या शाईत, डावीकडे समास सोडून. 'प्रति, श्रीमान व्यवस्थापक महोदय, अमेरिका। विषय : संगीत-खेल में रायपुर की धुमाल पार्टी को सम्मिलित करने बाबत। संदर्भ : निरंक।' आणि खाली: 'उपरोक्त विषयांतर्गत निवेदन है कि प्रार्थिनी आपके खेल की नियमित खिलाड़ी है। प्रार्थिनी को कान से कम सुनाई देता है, किंतु धुमाल सुनाई देती है। आपकी सूची में सैकड़ों बैंड हैं, धुमाल एक भी नहीं। कृपया सहानुभूतिपूर्वक विचार करें।' मी तो घेतला, इंग्रजीत करून पाठवतो म्हणालो आणि बॅगेत ठेवून विसरलो. विसरलो असं नाही. लाज वाटली. कोणीतरी परदेशात तो वाचून हसेल असं वाटलं, आणि त्या हसण्यात मी तुझा मुलगा म्हणून उभा असेन.

तू रोज विचारायला लागलीस. चौथ्या दिवशी मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर एक उत्तर टाइप केलं, वर कंपनीचं नाव, खाली कसलीतरी सही, आणि छापून आणलं. त्याचा अर्थ तुला वहीत मराठीत लिहून दिला: आपली सूचना मिळाली, विचार करू, धन्यवाद. तू कागद हातात घेतलास. उलटून पाहिलास. पुन्हा सुलटा केलास.

"हे तू लिहिलं," तू म्हणालीस.

"नाही गं."

"चवथ्या दिवशी कोनतं ऑफिस उत्तर देते? आन् पत्र क्रमांक कुठं आहे?"

 तू कागदाची घडी घालून माझ्यासमोर ठेवलीस. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं. "पंचवीस वर्षं मी बोर्डावर बसली," म्हणालीस. "लाइन लागत नसली तर सांगायची, नाही लागत. कोनाले खोटं 'ठहरिए' म्हटलं नाही. ठहरिए म्हटलं का मानूस तिकडं फोन कानाले लावून बसते ना, वाट पाहत. मी बसली असती वाट पाहत."

त्या संध्याकाळी मी तुझा अर्ज शब्दाला शब्द इंग्रजीत केला. प्रार्थिनीसाठी शब्द सापडेना, तेव्हा 'मी, खाली सही करणारी बाई' असं लिहिलं. कंपनीच्या साइटवर गाणं सुचवण्याचा फॉर्म होता. त्यात विचारलं होतं: बँडचं नाव, गाण्याचं नाव, ध्वनिमुद्रण कुठे ऐकता येईल, हक्क कोणाकडे. मी ते वहीत मराठीत लिहून दिलं, तू वाचलंस आणि म्हणालीस, बरोबर विचारते, कागद पूर्ण पाहिजेत. पुढच्या रविवारी तू मला घेऊन धुमालच्या मास्टरकडे गेलीस. तलावाकडच्या गल्लीत त्यांचं घर होतं, अंगणात ढोल उन्हात ठेवलेले, चामडं ताणायला. मास्टर पन्नाशीचे, बनियनवर, चहा घेत बसलेले. तू तुझा सगळा विषय मांडलास, अमेरिका, यादी, फॉर्म. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"हव दीदी, समझ गया," शेवटी ते म्हणाले. "पर गाना तो हमारा कोई है नहीं. पिक्चर का बजाते हैं, जो पब्लिक बोले."

मी ते तुला ओठांनी पुन्हा सांगितलं. तू मान हलवलीस. "गाना नहीं चाहिए. वो जो शुरू में बजाते हो. गाड़ी खड़ी करके."

मास्टरांनी कप खाली ठेवला. "वो? वो तो ऐसेइच है दीदी. मेरे बाप के टाइम से बज रहा है. उसका नाम भी नहीं है."

"तो वोइच," तू म्हणालीस.

त्यांनी दोघा-तिघांना, त्यात कीबोर्डवाल्या पोरालाही, हाक मारली आणि अंगणातच ठेका सुरू केला. मी मोबाइल धरून उभा होतो. तू मोठ्या ढोलाच्या अगदी जवळ, दोन फुटांवर. थोड्या वेळानं तुझी बोटं मांडीवर हलायला लागली. मास्टरांनी ते पाहिलं. त्यांनी वाजवणाऱ्याच्या हातातली काडी घेऊन तुझ्यापुढे धरली. आई, मला वाटलं तू लाजून नाही म्हणशील. तू पर्स माझ्याकडे दिलीस, पदर खोचलास आणि काडी घेतलीस. पहिला ठोका हलका पडला, प्लास्टिकवरची सवय. मास्टर म्हणाले, "जोर से, दीदी, इसको लगता नहीं है." मग तू मारलास. ठेका सहा-सात वेळा फिरला आणि तू त्यात कुठेच मागे नव्हतीस. आजूबाजूच्या घरांतल्या बायका दारात आल्या होत्या. थांबल्यावर मास्टरांनी मला विचारलं, "दीदी कहाँ सीखी?" आता काय सांगणार. टीव्ही पर, म्हणालो.

परत येताना रिक्षात तू मला विचारलंस, "ते वरचं, पेटीवानी वाजवत होता पोट्टा, ते मले ऐकू नाही येत. कसं वाजते ते?"  मी तुझ्याकडे तोंड करून स्पष्ट सांगितलं, "बेसूर."

तू एवढी हसलीस की रिक्षावाला वळून बघायला लागला. "मंग तर मलेच बरोबर ऐकू येते," म्हणालीस.

मास्टरांच्या सहीचं संमतिपत्र, रेकॉर्डिंग, अर्ज, सगळं पाठवलं. उत्तर दोन महिन्यांनी आलं, खरं उत्तर. कोणीतरी चार ओळी लिहिल्या होत्या: आम्ही फक्त संगीत कंपन्यांकडून, प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित केलेली गाणीच घेऊ शकतो, तुमचं रेकॉर्डिंग आम्ही ऐकलं, पण नियमात बसत नाही. ते तुला सांगताना मी घाबरलो होतो. छापलेल्या कागदाखाली मी मराठीत अर्थ लिहिला होता, तो तू दोनदा वाचलास. "नियमात बसत नाही म्हनते ना? ठीक आहे. ऐकलं म्हनते, सरळ सांगते. चांगलं ऑफिस आहे." मग कागदाला भोक पाडून तो फाईलला लावलास. "वर्षभरानं पुन्हा लिहू. साहेब बदलला का नियम बदलते." त्या रविवारी आपण पुन्हा जुनीच गाणी वाजवली, आणि तू नव्या गाण्याचं विचारलं नाहीस.

पुन्हा लिहायची वेळ आलीच नाही. वर्ष भरायच्या आतच, पुढचा हिवाळा लागता लागता, तुला ताप आला, तीन दिवसांनी छातीत पाणी झालं. दवाखान्यात डॉक्टर मास्क लावून बोलत होते आणि तू त्यांच्या तोंडाकडे बघत होतीस, जिथे काहीच दिसत नव्हतं. "काय म्हनते?" तू मला विचारलंस. माझ्या हातात वही होती. बाबा मागून माझ्या खांद्याला हात लावत होते, बरं होईल म्हणून लिही. मी लिहिलं, 'आत्ताच सांगता येत नाही म्हणतात.' तू वाचलंस. वही माझ्याकडे परत दिलीस आणि माझ्या मनगटावर दोनदा थोपटलंस. "बरं सांगितलं," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

तेराव्याच्या आधी धुमालचे मास्टर आले होते. पांढरा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. बराच वेळ बसले. मग हळूच विचारलं, "भैया, वो अमेरिका वाला? दीदी बोली थी बजेगा. मैं तो सबको बता के रखा हूँ." तू सांगून ठेवलं होतंस तरी तोपर्यंत त्यांना कळवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं, की मी राहू दिलं होतं. मी म्हणालो, "नहीं हुआ भैया. नियम में नहीं बैठा." मान हलवून ते 'हव' म्हणाले. मग म्हणाले, "सुना तो उन्होंने?" सुना, म्हटलं. तेवढ्यावर ते उठले, आणि दारात चपला घालताना त्यांचा चेहरा पडलेला नव्हता.

त्यानंतर काही वर्षांनी त्या खेळात नवीन गाणी येणंच बंद झालं. दुसरे तसले खेळ आले. त्यांच्याही याद्या असतात, तिथेही कोणता बँड हवा ते विचारतात. मी अजून लिहितो. आधी मन लावून वाजवणाऱ्यांचं नाव, मग धुमाल, रायपूर. मामाच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणतो, दादा, तुझी ही मागणी ऐकून कोणी खेळ बनवणार आहे का. नसेल. पण मागणी आहे हे कुठेतरी नोंदलं जावं असं वाटतं, आणि ही सवय तुझीच आहे. मुलीनं परवा ते ढोल पुसून मांडले, यंत्र सुरू होतच नाही, तरी ती नुसतीच ठाक-ठुक करत बसली होती. तिचा हात माझ्यासारखा आहे. लाल सोडते.

आता एक गोष्ट राहिली, आणि हे पत्र कुठेच जाणार नाही म्हणूनच ती लिहिता येते. आम्ही ब्राह्मणपारा सोडून आता कॉलनीत राहतो. यंदा गणपतीच्या आधी कॉलनीच्या लोकांनी एक अर्ज फिरवला, मिरवणुकीतल्या धुमालचा आवाज कमी ठेवावा म्हणून. कोणाकडे तान्हं बाळ आहे, कोणाच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. कारणं खोटी नव्हती. पण मला त्यातल्या एकाही कारणाची गरज नव्हती. मला तो आवाज कधीच आवडला नाही, आई, तेव्हाही नाही, त्या अंगणातही नाही. तिथे मी फक्त तुला बघत होतो. मी सही केली. मिरवणूक आली तेव्हा गाडी आमच्या फाटकासमोर थांबली, ठेका वाजला, मुलगी आरामात खिडकीत उभी राहून बघत होती, आणि ती आणि मी नेहमीच्या आवाजात बोलू शकत होतो. ठेका इतका हळू होता की तू शेजारी असतीस तर मला विचारलं असतंस, ते नुसतेच हात काहून हलवून राहिले?